पायथन ३.७ टाकलं आणि टर्मिनलच उघडेना (शनिवारी डेमो आहे, वाचवा)

कट्टा_कर्वेनगर
सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट म्हणजे पानांच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणे. (हो, माहितीये, दर वर्षी तीन ग्रुप हाच विषय घेतात.) सीनियर्सकडून कोड मिळाला, तो टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगची लायब्ररी) १.१५ चा आहे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, त्यात पायथन ३.१०. पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारा प्रोग्राम) म्हणतं असं व्हर्जनच सापडत नाही.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की डेडस्नेक्सचं (पायथनची इतर व्हर्जन्स देणारं) रिपॉझिटरी जोडा, पायथन ३.७ टाका आणि 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ने पायथन३ हे नाव ३.७ कडे वळवा. वळवलं. टेन्सरफ्लो बसलं, खूश होऊन चहाला गेलो. आल्यावर लॅपटॉप रीस्टार्ट केला. आता टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतं आणि शांतता. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल चालतंय, पण त्यात ॲप्ट अपडेट (उबुंटूच्या पॅकेजेसची यादी ताजी करणारी आज्ञा) मारलं की शेवटी 'ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही' असा लाल मजकूर.

फॉरमॅट मारू का? शनिवारी एक्स्टर्नल परीक्षक येणार आहेत.

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, सकाळी ६:३५

फॉरमॅट बिलकुल नको. आणि कोणी 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' सांगितलं तर त्याचं अजिबात ऐकू नकोस, त्याच्याबरोबर अर्धा डेस्कटॉप निघून जातो.

झालंय काय ते सांगतो. उबुंटूत ग्नोम टर्मिनल सुरू करणारी जी फाइल आहे ना, ती स्वतःच एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. तिची पहिली ओळ सांगते, मला यूएसआर-बिनमधल्या पायथन३ ने चालवा. ती 'जीआय' नावाचं मॉड्यूल मागते आणि ते ३.१० साठीच कंपाइल केलेलं आहे. ॲप्ट_पीकेजीचं तेच. त्या फाइलचं नाव शोधून बघ, नावातच 'सीपायथन-३१०' लिहिलेलं दिसेल. तू नाव ३.७ कडे वळवलंस, ३.७ ला ती फाइल दिसते पण आपली वाटत नाही. म्हणून 'नाही' म्हणतंय.

व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये (तेही बंद पडलं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन हो) आधी
सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३
आणि लगेच
सुडो एलएन -एसएफ /यूएसआर/बिन/पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३

दोन्हींच्या मध्ये चहाला जाऊ नकोस. (फोनवरून लिहितोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा. टंकताना अर्थात रोमनमध्ये.)

३.७ तसंच राहू दे, ते शेजारी शेजारी सुखाने नांदतं. भांडण फक्त नावावरून होतं.

कट्टा_कर्वेनगर
मंगळवार, सकाळी ९:१०

काका, उघडलं!!! टर्मिनल उघडलं. पण आता पायथन३ म्हटलं की परत ३.१० येतं आणि टेन्सरफ्लो नाही. म्हणजे फिरून भोपळे चौकात?

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, सकाळी ९:४०

काका म्हणू नकोस, अजून चाळिशी आहे.

कर्वेनगरला पीजी राहतोस ना? मग तुला लगेच कळेल. सिस्टिमचं पायथन म्हणजे घरमालकांचं स्वयंपाकघर. ते उबुंटूने स्वतःच्या कामासाठी मांडलंय, ॲप्ट तिथे चहा करतो, टर्मिनल तिथे पोळी भाजतं. तू रूमवर राहतोस म्हणून त्यांच्या ओट्यावर जाऊन गॅसची शेगडी बदलायची नसते. तुझ्या खोलीत तुझी इंडक्शन ठेव. तिच्यावर मॅगी कर, करपव, भांडं फेकून दे, मालकीणबाईंना पत्ताही लागणार नाही.

ती इंडक्शन म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. २००७ पासून व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं वेगळं पॅकेज होतं, २०१२ च्या पायथन ३.३ पासून व्हेन्व्ह पायथनच्या आतच मिळतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि

पायथन३.७ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह
सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट

बघ, पायथन३.७ पूर्ण नावाने हाक मारलीये, 'पायथन३' नाही. त्या फोल्डरच्या आत एक बिन, एक लिब आणि पायव्हेन्व्ह.सीएफजी नावाची छोटीशी फाइल मिळेल. ती उघडून वाच. 'होम' म्हणून खऱ्या ३.७ चा पत्ता लिहिलेला असतो. ॲक्टिव्हेट करणं म्हणजे जादू नाही, ते फक्त पाथच्या (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला तुझं बिन फोल्डर घुसवतं, म्हणून पायथन म्हटलं की आधी तुझं सापडतं. नुसतं .व्हेन्व्ह/बिन/पायथन असं पूर्ण पत्त्याने बोलावलं तरी ॲक्टिव्हेट न करता चालतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) मी तसंच करतो.

कट्टा_कर्वेनगर
मंगळवार, दुपारी १:२५

पहिल्याच ओळीला 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही'.

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, दुपारी १:२८

सांगायचं राहिलं. उबुंटूवाले व्हेन्व्हचा हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३.७-व्हेन्व्ह. अर्धवट झालेलं .व्हेन्व्ह फोल्डर आधी उडव, मग परत.

चिवडा
मंगळवार, दुपारी २:०५

२०२४ नंतर कोण हे हाताने करतं? यूव्ही टाका, पिप आणि व्हेन्व्ह दोन्हींचं काम तेच करतं. रस्टमध्ये लिहिलंय, पिप जिथे मिनिटं घेतं तिथे हे सेकंदात संपतं, हवं ते पायथनसुद्धा स्वतःच उतरवतं, ॲप्ट नको की डेडस्नेक्स नको. आणि पॅकेज एकदाच कॅशमध्ये ठेवून प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये हार्डलिंक करतं (म्हणजे वेगळी प्रत न काढता तीच फाइल जोडतं). माझ्याकडे अकरा प्रोजेक्ट आहेत आणि डिस्क अजून रडत नाही.

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, दुपारी २:३०

यूव्ही चांगलंच आहे, मीही नव्या कामाला तेच घेतो. पण ह्या पोराला आधी कळू दे की फोल्डरच्या आत काय असतं. नाहीतर उद्या यूव्ही अडलं की पुन्हा व्हिडिओ शोधेल. हार्डलिंकचं मात्र लक्षात ठेव, कॅश आणि प्रोजेक्ट एकाच पार्टिशनवर असेल तरच होतात.

हिंजवडी_फेज_३
मंगळवार, संध्याकाळी ७:१५ (बसमधून, वाकड पुलावर उभा आहे, म्हणजे सवडीने लिहितो)

माझं मत वेगळं. कोंडा घ्या. पायथनचं व्हर्जन, सीची लायब्ररी, कुडा (ग्राफिक्स कार्डावर गणित करायला लागतं ते), सगळं एका आज्ञेत येतं. पिप फक्त पायथनची पॅकेजेस जाणतो, बाकी सिस्टिमवर असेल असं गृहीत धरतो. कोंडा तसं धरत नाही.

पण एक गंमत नाही, त्रास सांगतो. आमच्याकडे गेल्या वर्षी आयटीकडून सगळ्यांना मेल आला, ज्यांच्या मशीनवर ॲनाकोंडा (कोंडा आणि पॅकेजेसचा तयार गठ्ठा) आहे त्यांनी काढा. कोंडा हा प्रोग्राम मुक्तच आहे. पण ॲनाकोंडा कंपनीचं जे 'डिफॉल्ट्स' चॅनल (पॅकेजेस जिथून उतरतात ते भांडार) आहे, त्याच्या अटी २०२० मध्ये बदलल्या, दोनशेपेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पैसे भरावे लागतात. आम्ही शंभरेक जण रात्री बसून एन्व्हायर्नमेंट्स परत बांधत होतो. ज्यांनी पॅकेजेसच्या यादीची फाइल लिहून ठेवली होती ते अर्ध्या तासात घरी. मी सकाळी गेलो.

आता मिनीफोर्ज (कोंडाचाच दुसरा इन्स्टॉलर) वापरतो. तो सुरुवातीपासून कोंडा-फोर्ज चॅनलवर चालतो, ते लोकांनी चालवलेलं आहे, पैशाची भानगड नाही.

चिवडा
मंगळवार, संध्याकाळी ७:१९

कोंडा झाला की शाम्पू लावावा.

निवृत्त_फोरट्रान
मंगळवार, संध्याकाळी ७:४०

किंवा कोंड्याचा मांडा करून खावा. मंडळी, मध्येच घुसतो. वय अडुसष्ट, निवृत्तीनंतर पायथन शिकतो आहे. ज्या वर्षी परम ८००० महासंगणक आला, म्हणजे १९९१, तेव्हा आम्ही पुण्यातच कार्ड पंच करण्याच्या आठवणी काढून हसायचो, त्यामुळे गैरसमज नसावा, संगणक नवा नाही. पण उबुंटू २४.०४ वर साधं पिप इन्स्टॉल केलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून भलामोठा परिच्छेद येतो आणि शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा एक पर्याय सुचवतो. पर्यायाचं नाव वाचून हात आखडला. हे ह्याच विषयातलं आहे का?

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, रात्री ८:२२

अगदी ह्याच विषयातलं, आणि हात आखडला हे उत्तम केलंत.

ती चक्क पुणेरी पाटी आहे. खरंच सांगतो. यूएसआर-लिब-पायथन३.१२ ह्या फोल्डरमध्ये जाऊन बघा, 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड' नावाची एक साधी मजकुराची फाइल दिसेल. पिप आत शिरण्याआधी ती पाटी वाचतो आणि दारातून परत फिरतो. तुम्हाला दिसलेला परिच्छेद त्या फाइलीतलाच आहे, फक्त शेवटचा तो पर्याय पिप स्वतः जोडतो. हा नियम पेप (पायथनच्या सुधारणेचा प्रस्ताव) ६६८ चा. २०२३ मध्ये डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून लागू झाला. कट्ट्याच्या २२.०४ मध्ये ही पाटी नाही, म्हणून तो बिनधास्त आत गेला.

पाटीचा आणि त्या शेवटच्या ओळीचा मराठी तर्जुमा असा: 'हे स्वयंपाकघर मालकांचे आहे. स्वतःचे पातेले आणल्यास खोलीत शिजवावे. तरीही शिरायचेच असल्यास मोडतोडीची जबाबदारी शिरणाऱ्याची.'

तो शेवटचा पर्याय म्हणजे पाटी वाचूनही बेल वाजवणे. तुम्हाला एखादं आज्ञावालं साधन हवं असेल, लायब्ररी नको, तर पिपएक्स वापरा. तो प्रत्येक साधनाला गुपचूप स्वतंत्र खोली देतो.

निवृत्त_फोरट्रान
मंगळवार, रात्री ८:५०

पाटी सापडली. वाचली. सदाशिव पेठेत लावण्याजोगी आहे. आभार.

दुर्बीण
मंगळवार, रात्री ११:०५

उशिरा आले. मी रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करते, खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर (तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, नारायणगावला मिसळ खायला जाल तेव्हा बघून या). आमचं मुख्य सॉफ्टवेअर कासा. सहाव्या आवृत्तीपासून ते पिपने बसतं, पण त्याची व्हील (तयार बांधलेल्या पॅकेज फाइली) ठरावीक पायथन व्हर्जनसाठीच बनवलेली असतात. तुमचं पायथन एक पाऊल पुढे गेलं की पिप निर्विकारपणे म्हणतो, असं काही नाही. कट्टा, तुझ्या टेन्सरफ्लोचं नेमकं हेच होतं. १.१५ ची व्हील ३.७ पर्यंतच निघाली. 'सापडत नाही' ह्याचा अर्थ बहुतेक वेळा 'तुझ्या पायथनसाठी सापडत नाही' असा असतो. हे एक वाक्य मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

त्यात आमच्या गटातली एक जुनी पाइपलाइन अजून पायथन २.७ वर आहे. २.७ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आकाशातल्या स्रोतांना ते कोणी कळवलं नाही. सर्व्हरवर सुडो (ॲडमिनचे अधिकार) नाही, डॉकर (प्रोग्रामला लागणारं सगळं एका डब्यात भरून चालवणारं साधन) नाही, होममध्ये फाइलींच्या संख्येवर मर्यादा. म्हणून तीन कोंडा एन्व्हायर्नमेंट्स, त्याही स्क्रॅचवर (सर्व्हरवरची तात्पुरती जागा). कोणतीही केव्हाही पुसली जाईल असं धरूनच चालते.

आणि ज्युपिटर नोटबुकवाल्यांसाठी: एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केलं म्हणजे नोटबुक त्यातच चालतं असं नाही. कर्नल (नोटबुकचा कोड प्रत्यक्ष चालवणारं पायथन) कोणता निवडलाय ते बघा. मी एकदा रात्रभर एकीकडे पॅकेज टाकत होते आणि नोटबुक दुसरीकडे शोधत होतं. नोटबुकच्या सेलमध्ये 'इम्पोर्ट सिस' आणि 'सिस.एक्झिक्युटेबल' एवढंच छापून बघितलं असतं तर अकरा वाजता झोपले असते.

कट्टा_कर्वेनगर
बुधवार, सकाळी ११:३०

अपडेट. व्हेन्व्ह झालं, टेन्सरफ्लो १.१५ उतरलं (चारशे एमबीच्या वर, मेसवाल्याचं वायफाय संपवलं). पण इम्पोर्ट करताच 'डिस्क्रिप्टर्स कॅनॉट नॉट बी क्रिएटेड डायरेक्टली'. हे इंग्रजी तरी नीट आहे का?

दुर्बीण
बुधवार, सकाळी ११:५०

इंग्रजी चुकलंय, 'नॉट' दोनदा पडलाय, पण तो त्यांच्याकडूनच तसा येतो. हे प्रोटोबफचं (टेन्सरफ्लो आतून वापरतं त्या लायब्ररीचं) आहे. टेन्सरफ्लो १.१५ ने अट घातलीये की प्रोटोबफ अमुक एका व्हर्जनच्या वरचं हवं. 'च्या खालचं' अशी अट घालायला तेव्हा कोणाला सुचलं नाही. म्हणून पिप मिळेल ते सगळ्यात नवं आणतो आणि ते जुन्याशी बोलत नाही. पिप इन्स्टॉल "प्रोटोबफ<३.२१" कर. एररच्या पुढच्या चार ओळींत हेच लिहिलेलं असतं, आपण पहिलीच वाचून घाबरतो.

कट्टा_कर्वेनगर
बुधवार, दुपारी १२:०४

चाललं!!! पान ओळखलं! (टोमॅटोला बटाटा म्हणतोय, पण ते मॉडेलचं दुखणं.)

आता हे .व्हेन्व्ह फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर टाकलं की झालं ना?

पेठेतला_पेंग्विन
बुधवार, दुपारी १२:३०

नाही नाही नाही. व्हेन्व्ह उचलून नेता येत नाही. बिनमधली पिप फाइल उघड, पहिल्याच ओळीत तुझ्या लॅपटॉपवरचा अख्खा पत्ता लिहिलेला आहे, /होम/ पासून. ॲक्टिव्हेटमध्येही तोच. फोल्डरचं नाव बदललंस तरी बिघडतं, दुसऱ्या मशीनचं सोडच. लॅबमधला पीसी विंडोज असेल तर आतली .एसओ फाइल (लिनक्ससाठी कंपाइल केलेली) त्याला कळणारही नाही.

नेतात ती कृती. पिप फ्रीझ करून (बसवलेल्या पॅकेजेसची व्हर्जनसकट यादी) रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी बनव आणि कोडबरोबर ठेव. .व्हेन्व्ह गिटमध्ये टाकू नकोस.

चिवडा
बुधवार, दुपारी १२:४१

फ्रीझमध्ये तुम्ही मागितलेलं आणि आपोआप आलेलं असं सगळं एकाच रांगेत येतं, सहा महिन्यांनी कळत नाही की ही चाळीस नावं कोणी आणली. यूव्हीमध्ये तुमची यादी वेगळी, नेमक्या व्हर्जनची लॉक फाइल वेगळी. बस, एवढंच बोलतो.

पेठेतला_पेंग्विन
बुधवार, दुपारी १२:५५

हे मान्य. हातचं चार ओळींचं एक, फ्रीझचं एक, दोन्ही ठेव.

हिंजवडी_फेज_३
बुधवार, संध्याकाळी ७:३०

कोणी डॉकर कसं म्हटलं नाही अजून?

पेठेतला_पेंग्विन
बुधवार, रात्री ९:१०

कारण त्याला शनिवारी डेमो आहे.

डॉकर मी रोज वापरतो. डेटाबेस, रेडिस, दोन सर्व्हिस एकत्र उभ्या करायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण एका पायथन प्रोजेक्टसाठी तो म्हणजे मॅगीसाठी नवा फ्लॅट भाड्याने घेणं. स्लिम इमेज (डॉकरचा आटोपशीर साचा) घेशील, ओपनसीव्ही (फोटो हाताळणारी लायब्ररी) टाकशील आणि 'लिबजीएल.एसओ.१ नाही' म्हणून नवी रात्र सुरू. (त्यावर उतारा म्हणजे ओपनसीव्हीचं हेडलेस पॅकेज, पण त्यात खिडकी उघडून फोटो दाखवता येत नाही, आणि ह्याला डेमोत नेमकं तेच दाखवायचंय.) शिवाय स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये टाकणं म्हणजे जवळजवळ रूट (मशीनचा सर्वाधिकारी) होणं, हे कोणी सांगत नाही.

निवृत्त_फोरट्रान
बुधवार, रात्री ९:४५

एक शंका. व्हेन्व्हमध्ये टाकलेलं पॅकेज वाईट निघालं तर ते तिथेच कोंडलेलं राहतं ना? 'आयसोलेटेड' म्हणतात म्हणून विचारतो.

दुर्बीण
बुधवार, रात्री १०:२०

नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं. ते सोवळं आहे, कुलूप नव्हे. एकमेकांची भांडी एकमेकांना लागत नाहीत इतकंच. व्हेन्व्हमधला कोड तुमच्या नावाने चालतो, तुमच्या होममधलं सगळं वाचू शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चची (टेन्सरफ्लोसारखीच लायब्ररी) नाइटली म्हणजे रोज निघणारी कच्ची आवृत्ती लिनक्सवर पिपने टाकणाऱ्यांना टॉर्चट्रायटन नावाचं बनावट पॅकेज मिळालं होतं, ते .एसएसएच फोल्डरमधल्या किल्ल्यांपर्यंत पोचत होतं. व्हेन्व्ह असूनही. नाव टंकताना एक अक्षर चुकलं तरी कोणीतरी त्या नावावर टपून बसलेला असू शकतो. माहीत नसलेलं पॅकेज बघायचंच असेल तर वेगळा युजर किंवा पूर्ण व्हर्च्युअल मशीन.

पेठेतला_पेंग्विन
गुरुवार, सकाळी ६:५०

कट्टा, आज एक काम कर. .व्हेन्व्ह फोल्डर पूर्ण डिलीट कर. हो, चालतंय तेच. आणि फक्त रिक्वायरमेंट्सवरून परत बांध. शनिवारी सकाळी घाबरण्यापेक्षा आज घाबर.

कट्टा_कर्वेनगर
गुरुवार, सकाळी ९:१५

चालत्या गाडीचं चाक काढायला सांगताय.

कट्टा_कर्वेनगर
गुरुवार, रात्री ११:४०

केलं. हात थरथरत होते. सात मिनिटांत परत उभं राहिलं (पिपच्या कॅशमध्ये टेन्सरफ्लो होतं, परत उतरवावं लागलं नाही). आणि चालवल्यावर 'सीव्ही२ नावाचं मॉड्यूल नाही', म्हणजे ओपनसीव्हीच नाही. फ्रीझ मी बुधवारी दुपारी केलं होतं आणि ओपनसीव्ही संध्याकाळी पार्टनरने हाताने टाकलं होतं. यादीत नव्हतंच. पार्टनरला शिव्या घातल्या, ओळ वाढवली, परत उडवलं, परत बांधलं. आता पूर्ण.

लॅबमध्ये विचारून आलो. पीसी विंडोज, पायथन ३.११, नेट नाही. 'पिप डाउनलोड'ने व्हील पेन ड्राइव्हवर न्यायचा विचार होता, पण ३.११ साठी १.१५ ची व्हीलच नाही, हे आता न विचारता कळलं. लॅपटॉपच नेणार. एचडीएमआयची केबल कोणाकडे आहे का, कर्वेनगर-कोथरूडमध्ये?

निवृत्त_फोरट्रान
शुक्रवार, सकाळी ७:०५

माझ्याकडे आहे. डहाणूकर कॉलनी. दुपारी एक ते चार सोडून कधीही या.